घरातली वीज कुठे जाते? आधी मोजा, मग वाचवा

विजेचं बिल जास्त आलं की घरात पहिला संशय दिव्यांवर जातो. "बाथरूमचा लाइट परत चालू ठेवलास!" ही ओरड बहुतेक घरांत रोजची. पण हिशेब करून बघा: नऊ वॉटचा एलईडी बल्ब रात्रभर, म्हणजे दहा तास चालू राहिला, तर ०.०९ युनिट जळतं. त्याच घरात चौघांच्या आंघोळीच्या पाण्याला रोज दीड युनिटाच्या आसपास वीज लागते आणि त्याबद्दल कोणी अवाक्षर काढत नाही. ओरड चुकीच्या जागी होते, कारण मोजमाप कोणीच करत नाही. खाली दिलेल्या क्रमाने गेलात तर दोन-तीन आठवड्यांत तुमच्या घरातलं प्रत्येक युनिट कुठे जातं हे तुम्हाला कळेल. खर्च जवळजवळ शून्य. लागेल ती एक वही, मोबाइलमधलं स्टॉपवॉच आणि घरातलं आणखी एक माणूस.

पायरी १: बिलातले रुपये बाजूला ठेवा, युनिट बघा

एक युनिट म्हणजे १००० वॉटचं उपकरण एक तास चालल्यावर लागणारी वीज. दर बदलतात, इंधन समायोजन आकार कमीजास्त होतो, मागची थकबाकी बिलात येऊन बसते. त्यामुळे रुपयांवरून वापर वाढला की घटला हे समजत नाही.

महावितरणच्या बिलावर चालू रिडिंग, मागील रिडिंग आणि मागच्या महिन्यांच्या वापराचा आलेख असतो. सगळे आकडे वहीत उतरवून घ्या. पुढे प्रत्येक महिन्याच्या युनिटांना त्या बिलाच्या दिवसांनी भागा. रिडिंग कधी २८ दिवसांनी घेतलं जातं, कधी ३३ दिवसांनी, म्हणून "महिन्याला किती" यापेक्षा "दिवसाला किती" हा आकडा खरा.

आता वर्षभराच्या त्या आकड्यांतला सर्वांत कमी आकडा शोधा. तो तुमचा पाया: फ्रिज, दिवे, टीव्ही, वॉशिंग मशीन आणि थोडाफार पंखा. मे महिन्याच्या आकड्यातून तो वजा केलात की उन्हाळ्याचा, म्हणजे पंखे, कूलर, एसीचा भार उरतो. डिसेंबर-जानेवारीतून वजा केलात की बराचसा गिझर. समजा फेब्रुवारीत रोज ४ युनिट, मे महिन्यात रोज ९, तर उन्हाळा रोज ५ युनिट खातो. अशा घरात फ्रिज बदलण्याआधी छताकडे आणि एसीकडे बघायला हवं. आणि ज्या घरात बाराही महिने रोज ७ युनिटच लागतात, तिथे दुखणं त्या पायाभूत वापरातच आहे.

बचतीची किंमत काढताना अनेकजण एकूण बिलाला एकूण युनिटांनी भागून दर काढतात. तो इथे उपयोगाचा नाही. घरगुती दर टप्प्यांनी चढतात: १०० युनिटांपर्यंत एक, १०१ ते ३०० दुसरा, ३०१ ते ५०० तिसरा, त्यावर चौथा. वाचलेलं युनिट नेहमी सर्वांत वरच्या, म्हणजे सर्वांत महाग टप्प्यातून कमी होतं. ३२० वरून २८० वर आलात तर वाचलेल्या ४० पैकी २० युनिट तिसऱ्या टप्प्याच्या दराचे असतात आणि २० दुसऱ्या. त्यात वहन आकार आणि १६ टक्के वीज शुल्क मिळवलं की खरी बचत समजते. स्थिर आकार मात्र तेवढाच राहतो.

पायरी २: मीटरची वही

दर रविवारी सकाळी ठरलेल्या वेळी रिडिंग लिहा. डिजिटल मीटरच्या पडद्यावर आकडे आळीपाळीने येतात: तारीख, वेळ, व्होल्टेज, कमाल मागणी. तुम्हाला हवा तो केडब्ल्यूएच (kWh, म्हणजेच युनिट) असं एकक दाखवणारा आकडा. शेजारीच येणारा केव्हीएएच नको. स्मार्ट मीटर बसला असेल तर रोजचा वापर कंपनीच्या अ‍ॅपवर बघता येतो, तरी वही सोडू नका. कारण समोर शेरा लिहायचा असतो: "पाहुणे होते", "दोन दिवस गावी", "दिवाळीचा फराळ, मिक्सर-ओव्हन". सहा महिन्यांनी हे शेरेच आकड्यांचा अर्थ सांगतात.

एकदा रात्री झोपताना आणि सकाळी उठल्या उठल्या, गिझर लावायच्या आधी, रिडिंग घ्या. रात्रीचा वापर वेगळा निघाला की अर्धं गूढ सुटतं.

पायरी ३: मीटरचा लाल दिवा वाचायला शिका

ही पायरी सर्वांत मोलाची, आणि नेमकी हीच कुणाला माहीत नसते.

मीटरवर एक छोटा लाल दिवा लुकलुकत असतो. त्याच्याजवळ किंवा मीटरच्या पाटीवर ३२०० इम्प/केडब्ल्यूएच असं काहीतरी छापलेलं असतं. काही मीटरवर १६००, काहींवर ६४००. अर्थ असा की एक युनिट वीज गेली की तो दिवा तितक्या वेळा लुकलुकतो. म्हणजे लुकलुकण्यातलं अंतर मोजून या क्षणी घरात किती वॉट चालू आहेत हे काढता येतं.

३६,००,००० ला मीटरवरच्या त्या आकड्याने भागा. ३२०० च्या मीटरसाठी उत्तर ११२५, १६०० साठी २२५०. आता दिवा दहा वेळा लुकलुकायला किती सेकंद लागतात ते मोजा. स्टॉपवॉच एका लुकलुकीला सुरू करा आणि तिथून पुढची दहावी आली की थांबवा. मग ११२५ गुणिले १०, भागिले सेकंद. दहा लुकलुकींना ४५ सेकंद लागले तर ११,२५० भागिले ४५, म्हणजे २५० वॉट.

इमारतींमध्ये मीटर तळमजल्यावरच्या पॅनेलमध्ये असतात, म्हणून दोघं लागतात. एकजण खाली मीटरसमोर, फोन कानाला. दुसरा वर स्विचबोर्डापाशी. आधी सगळी उपकरणं बंद करा, फ्रिज, राउटर, सेट-टॉप बॉक्स, इन्व्हर्टरचा प्लग, सगळं. नुसतं रिमोटने नाही, भिंतीवरच्या स्विचने. खालचा माणूस म्हणेल, "थांबला." मग एकेक उपकरण चालू करायचं: "आता हॉलचा पंखा, पाचवर." खाली सेकंद मोजायचे, वहीत लिहायचे. "आता तीनवर." परत मोजायचे. शाळेतल्या मुलांना हे काम द्या, ती कंटाळत नाहीत, उलट पुढचं उपकरण कुठलं म्हणून घाई करतात. आणि एकदा स्वतःच्या हाताने आकडा काढला की पंखा बंद करायला त्यांना सांगावं लागत नाही.

सगळं बंद असूनही दिवा लुकलुकत राहिला तर घरातला मेन स्विच पाडा. आता थांबला, तर घरातच काहीतरी चालू राहिलंय किंवा वायरिंगमधून वीज गळतेय. मेन पाडल्यावरही लुकलुकत असेल, तर मीटर ते घर यामधल्या वायरमध्ये दोष आहे किंवा त्यावर दुसरंच कनेक्शन आहे. जुन्या इमारतींत जिन्यातला दिवा किंवा पाण्याचा पंप एखाद्याच्याच मीटरवर जोडलेला निघतो. अशा वेळी परवानाधारक इलेक्ट्रिशियनला बोलवा आणि वीज कंपनीकडे लेखी तक्रार द्या. मीटरचं सील, पॅनेलमधल्या वायरी, यांना स्वतः हात लावायचा नाही. एक लक्षात असू द्या: भार शून्य असताना काही मीटरचा दिवा विझण्याऐवजी स्थिर पेटलेला राहतो, तो न लुकलुकणं महत्त्वाचं.

आता झोपताना घर जसं असतं तसं ठेवा, फक्त पंखे बंद करा, आणि फ्रिजचा कॉम्प्रेसर थांबलेला असताना मोजा. समजा दर १९ सेकंदांना एक लुकलुक आली. ११२५ भागिले १९, म्हणजे साधारण ६० वॉट. कोणी काहीही वापरत नसताना! ६० वॉट चोवीस तास म्हणजे दिवसाला १.४४ युनिट, महिन्याला ४३. हे कुठून येतात? सेट-टॉप बॉक्स रिमोटने बंद केला तरी दहाएक वॉट घेत राहू शकतो, वर्षाला ८७ युनिट. राउटर, स्टँडबायवरचा टीव्ही, कॉम्प्युटरचे स्पीकर, आणि इन्व्हर्टर. बॅटरी जुनी झाली की ती भरतच नाही आणि चार्जर वीज ओढत राहतो. बॅटरी पूर्ण चार्ज आहे असं इन्व्हर्टर सांगत असताना त्याच्या प्लगचा स्विच चालू आणि बंद करून फरक मोजा. चाळीस-पन्नास वॉटचा फरक निघाला आणि बॅटरी हाताला कोमट लागली, तर मेकॅनिकला दाखवा. ज्या शहरात वर्षाकाठी दोन-चार तासच वीज जाते तिथे इन्व्हर्टर हवाच का, हाही प्रश्न स्वतःला विचारा.

पायरी ४: फ्रिजची परीक्षा

फ्रिज थांबून-थांबून चालतो, म्हणून लाल दिव्याने त्याचा नीट हिशेब लागत नाही. प्लगमध्ये लावायचा वॉटमीटर ऑनलाइन मिळतो. तीन-चार शेजाऱ्यांनी मिळून एक घेतला तरी पुरतो. फ्रिज त्यावर दोन दिवस ठेवा, आलेल्या युनिटांना दोनने भागून ३६५ ने गुणा आणि दारावरच्या स्टार लेबलवर छापलेल्या वार्षिक युनिटांशी ताडून बघा. वॉटमीटर नसेल तर गावी जाताना फक्त फ्रिज चालू ठेवा आणि मीटरचं आधीचं-नंतरचं रिडिंग घ्या.

आकडा लेबलपेक्षा फार वर असेल तर आधी स्वस्त कारणं तपासा. दाराच्या रबरात कागदाची पट्टी धरून दार लावा. पट्टी सहज ओढून निघाली तर रबर बदलायला झालंय. फ्रिज भिंतीला चिकटलाय का, गॅसच्या शेगडीजवळ आहे का, मागच्या जाळीवर धुळीचा थर आहे का, साध्या फ्रिजमध्ये बर्फाचा डोंगर झालाय का. एवढ्यानेही उतरला नाही आणि फ्रिज पंधरा-वीस वर्षांचा असेल, तर तो निरोपाच्या लायकीचा आहे. मात्र जुना फ्रिज "कोल्ड्रिंकसाठी" बाल्कनीत चालू ठेवू नका, मग नव्या फ्रिजची सगळी बचत तिथेच संपते.

नवा घेताना नुसते तारे मोजू नका. ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोने २००६ मध्ये ही लेबलं आणली आणि निकष वेळोवेळी कडक होत गेले, त्यामुळे दहा वर्षांपूर्वीचा पंचतारांकित फ्रिज आजच्या निकषांत पंचतारांकित राहत नाही. शिवाय तारे त्या-त्या आकाराच्या तुलनेत दिलेले असतात. मोठा पाच ताऱ्यांचा फ्रिज लहान तीन ताऱ्यांच्या फ्रिजपेक्षा जास्त वीज खाऊ शकतो. लेबलवरचा वार्षिक युनिटांचा आकडाच वाचा.

पायरी ५: आंघोळीचं पाणी

वीस लिटरची बादली २५ अंशांवरून ४० अंशांवर न्यायला ०.३५ युनिट लागतं. हा पदार्थविज्ञानाचा हिशेब आहे, गिझर कुठल्याही कंपनीचा असो. चौघांचं १.४ युनिट, महिन्याचं ४२. शॉवरखाली उभं राहिलात तर दोन-तीन बादल्या सहज जातात, आकडा तितक्याच पटीने वाढतो. म्हणून इथे पहिला उपाय बादली.

दुसरा उपाय थर्मोस्टॅट. पंधरा लिटरचा गिझर पाणी २५ वरून ६० अंशांवर नेताना ०.६ युनिट घेतो. नंतर आपण त्यात गार पाणी मिसळून ते ४० वर आणतो. थर्मोस्टॅट ५० वर ठेवलात तर टाकीतून बाहेर जाणारी उष्णता कमी होते. सर्वांत वाईट सवय म्हणजे पहाटे चालू केलेला गिझर दुपारपर्यंत तसाच ठेवणं: पाणी निवतं, परत तापतं, परत निवतं. सगळ्यांच्या आंघोळी पाठोपाठ झाल्या तर हे आपोआप टळतं. बोअरवेलचं जड पाणी असेल तर कॉइलवर क्षार चढतो आणि पाणी तापायला वेळ लागतो. कॉइल साफ करून घ्या. तापायला किती मिनिटं लागली ते आधी-नंतर लिहून ठेवलंत की फरक दिसेल.

गच्चीवर हक्काची जागा असेल तर सोलर वॉटर हीटरइतकी खात्रीची बचत दुसरी नाही. गॅस गिझर लावणार असाल तर तो बंद बाथरूमच्या आत नको. त्यातून तयार होणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि त्याने माणसं दगावली आहेत.

पायरी ६: उकाडा

पंख्यापासून सुरुवात करा, कारण तो सर्वांत जास्त तास चालतो. साधा पंखा पूर्ण वेगात ७५ वॉट, बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या ब्रशलेस मोटरचा) पंखा ३० च्या आसपास. रोज बारा तास धरले तर महिन्याला २७ युनिट विरुद्ध ११. फरक १६ युनिटांचा. वरच्या टप्प्यातलं युनिट सगळं धरून दहा रुपयांना पडत असेल, तर महिना १६० रुपये. तीन हजारांचा पंखा १९ महिने वापरला की फिटतो. पण पाहुण्यांच्या खोलीतला, दिवसाला तासभर चालणारा पंखा बदलू नका, तो कधीच फिटणार नाही. झोपायच्या खोल्या आणि हॉल, या क्रमाने बदला. तुमचा रेग्युलेटर जुना, मोठ्या डब्यासारखा, चालू असताना तापणारा असेल तर वेग कमी करूनही वीज फारशी वाचत नाही. इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटरने वाचते. बहुतेक बीएलडीसी पंख्यांना मात्र भिंतीवरचा रेग्युलेटर चालत नाही, तो वायरिंगमधून काढून टाकावा लागतो.

वरच्या मजल्यावर राहत असाल तर खरा शत्रू स्लॅब. दिवसभर प्यायलेलं ऊन तो रात्री घरात सोडतो. गच्चीला पांढरा परावर्तक रंग द्या किंवा चायना मोझॅक करून घ्या. तेवढी ऐपत नसेल तर दर फेब्रुवारीत चुन्याचा हात मारा. परिणाम मोजायचा असेल तर इन्फ्रारेड थर्मामीटरने रात्री नऊला आतून छताचं तापमान घ्या, रंगाआधी आठवडाभर आणि रंगानंतर आठवडाभर. पश्चिमेच्या खिडकीला पडदा आतून लावण्यापेक्षा बाहेरून चिकाचा पडदा किंवा ताटी लावा. ऊन काचेच्या बाहेरच अडवायचं असतं. काचेतून आत आलं की पडदाही तापतो आणि खोलीही.

विदर्भात, मराठवाड्यात, खानदेशात कोरडा उन्हाळा असतो, तिथे कूलरला तोड नाही. दीडशे-दोनशे वॉटमध्ये तो जे काम करतो त्यासाठी दीड टनाचा एसी हजारावर वॉट घेतो. कूलर लावताना समोरची खिडकी उघडी ठेवा, नाहीतर खोली दमट होऊन कूलर निकामी ठरतो. मुंबई-कोकणात हवेतच ओल असते, तिथे कूलरवर पैसे घालवू नका.

एसीच्या लेबलवरचे वार्षिक युनिट १६०० तासांच्या वापरासाठी असतात. तुम्ही फक्त एप्रिल-मे महिन्यांत रात्री आठ तास लावत असाल तर तुमचे तास ४८०, म्हणजे तीस टक्के. दोन एसींच्या लेबलमध्ये २५० युनिटांचा फरक असेल तर तुमच्या घरी तो फरक वर्षाला ७५ युनिटांचाच. दहा रुपयांनी ७५० रुपये. किमतीतला फरक आठ हजारांचा असेल तर घाईने पाच तारे घ्यायची गरज नाही. बारा महिने रोज एसी लावणाऱ्या घराचं उत्तर नेमकं उलटं येईल. दुकानातच फोनवर हा गुणाकार करा.

असलेला एसी २६ वर ठेवून पंखा हळू लावा. ब्युरोच्या मते प्रत्येक अंशाला सुमारे ६ टक्के वीज वाचते, आणि जानेवारी २०२० पासून स्टार लेबलच्या एसींना सुरुवातीचं सेटिंग २४ अंशांचं सक्तीचं आहे. उन्हाळ्यात दर पंधरा दिवसांनी फिल्टर धुवा.

पायरी ७: स्वयंपाकाचा गॅस

सिलिंडर लावला की त्यावर तारीख लिहा. घरपोच आल्यावर काट्याने वजन करून घ्या: सिलिंडरवर कोरलेलं रिकामं वजन अधिक १४.२ किलो. मग सवयी बदलून दिवस वाढतात का बघा. डाळ-तांदूळ भिजवून लावणं, एकाच कुकरमध्ये डबे लावणं, शिटी झाली की आच बारीक करणं, पातेल्यावर झाकण. ज्योत पिवळी झाली तर बर्नर साफ करा.

इंडक्शनवर जावं का, असं बरेचजण विचारतात. एका सिलिंडरच्या स्वयंपाकाला इंडक्शनवर साधारण १४० युनिट लागतात. या १४० ला तुमच्या वरच्या टप्प्याच्या दराने गुणा आणि सिलिंडरच्या किमतीशी तुलना करा. दुसऱ्या टप्प्यात मावणाऱ्या लहान कुटुंबाचं आणि पाचशेच्या वर जाणाऱ्या घराचं उत्तर वेगळं असेल.

पायरी ८: बचत खरंच झाली का?

एका वेळी एकच बदल करा. आधीचे दोन आठवडे आणि नंतरचे दोन आठवडे, रोजचं सरासरी युनिट. हवामानावर अवलंबून असलेल्या गोष्टींसाठी मागच्या वर्षीचा तोच महिना. एप्रिलमध्ये पंखे बदलून मे महिन्याची तुलना मार्चशी केलीत तर बचत होऊनही वापर वाढलेलाच दिसेल.

"बिल ४० टक्के कमी" म्हणून विकली जाणारी पॉवर सेव्हरची डबी घेऊ नका. आत बहुधा एक कपॅसिटर आणि एक दिवा असतो. कपॅसिटर पॉवर फॅक्टर, म्हणजे ओढलेल्या विजेतली किती खरी कामी येते याचं प्रमाण, सुधारतो, पण घरगुती बिल केडब्ल्यूएचवर निघतं, त्यावर त्याचा परिणाम होत नाही. खात्री करायची असेल तर ती लावून आणि काढून लाल दिव्याची सेकंदं मोजा.

छतावरचं सोलर या सगळ्यानंतर. एक किलोवॉट दिवसाला साधारण चार, म्हणजे महिन्याला १२० युनिट देतं. वापर २४० वरून १५० वर आणलात तर दोन किलोवॉटच्या जागी दीडच्या आत भागतं. पीएम सूर्यघर योजनेत एका किलोवॉटला ३०,०००, दोनला ६०,००० आणि तीन किंवा जास्त किलोवॉटला ७८,००० रुपये अनुदान आहे, तरी उरलेले पैसे तुमचेच. नेट मीटर बसल्यावर वहीत आयात (कंपनीकडून आलेली वीज) आणि निर्यात (कंपनीला दिलेली) असे दोन रकाने करा. पॅनेलने तयार केलेली पण घरातच लगेच वापरली गेलेली वीज या दोन्हींत दिसत नाही, तिच्यासाठी सोलर इन्व्हर्टरवरचा आकडा तिसऱ्या रकान्यात लिहा. तिसऱ्यातून दुसरा वजा करून पहिला मिळवला की घराचा खरा वापर निघतो.